दिवाण सालारजंग

ढोकीजवळचे तेर गाव तुम्ही पाहिलेच असेल. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्याला ‘तगर’ म्हणत. तेथील कापड गाड्यांत भरून भडोच बंदरात नेत. तेथून ते जहाजांनी परदेशी जाई.

पुढे आपला भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात आला. राज्य मोठे होते, पण त्याला स्वतःचे बंदर नव्हते. १८०२ च्या तहाने निजामाला मछलीपट्टण बंदर वापरण्याची मोकळीक मिळाली. मात्र कंपनीच्या मालावर शेकडा पाचच जकात घ्यावी, असे ठरले.

१८५३ साली तिजोरी रिकामी झाली. कर्जापोटी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग जिल्हा इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी चोवीस वर्षांचे सालारजंग दिवाण झाले. १८६० मध्ये नळदुर्ग परत मिळाला.

त्या काळी सारा वसूल करण्याचा मक्ता देत. मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि शेतकऱ्याकडून जमेल तेवढे काढी. सालारजंगांनी ही पद्धत मोडली. १८६५ मध्ये त्यांनी राज्याचे जिल्हे पाडले आणि पगारी अधिकारी नेमले. वाटेवाटेवरची जकातही त्यांनी बंद केली. १८७४ मध्ये हैदराबाद वाडीमार्गे रेल्वेने जोडले गेले आणि मुंबई बंदराची वाट सोपी झाली.

सुधारणा चांगल्या होत्या. पण त्या वरून आल्या. शेतकऱ्याला कोणी विचारले नाही. १८८३ मध्ये सालारजंग वारले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची सत्ता संपली. १९५२ च्या निवडणुकीत येथील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत देता आले. चांगला दिवाण मिळणे हे नशीब. मत देणे हा हक्क. हा फरक विसरू नका.

शब्दांची गंमत : दिवाण, जिल्हा, तालुका, वसूल हे शब्द तुम्हांला उर्दूमुळे ओळखीचे आहेत. पण ‘जकात’ नीट वाचा. उर्दूत ते धर्माने सांगितलेले दान आहे; मराठीत तो मालावरचा कर आहे.

शब्दार्थ : सारा – जमिनीवरील कर. मक्ता – ठेका. शेकडा पाच – शंभरास पाच.

स्वाध्याय
१. मक्त्याच्या पद्धतीत शेतकऱ्याचे नुकसान कसे होई?
२. स्वतःचे बंदर नसल्यामुळे राज्याला कोणती अडचण येते?
३. ‘सुधारणा वरून आल्या’ म्हणजे काय? चार वाक्ये लिहा.