सर्जनशील लेखन आणि संशोधनपदवी
कादंबरी किंवा कवितासंग्रह हा पीएच.डी.चा प्रबंध होऊ शकतो काय, हा प्रश्न मराठी विभागांत बहुधा थट्टेनेच विचारला जातो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाने मात्र उच्च पदवीसाठी सर्जनशील कृती स्वीकारण्याचे धोरण १९२२ मध्येच अंगीकारले. तेथील लेखन-कार्यशाळा १९३६ ची. ब्रिटनमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी व अँगस विल्सन यांनी १९७० मध्ये एम.ए.चा अभ्यासक्रम सुरू केला. पीएच.डी. त्यानंतरची.

या पीएच.डी.चे स्वरूप द्विदल असते : एक सर्जनशील कृती आणि तिला जोडलेले टीकात्मक भाष्य. खरी अडचण या दुसऱ्या दलात आहे. भाष्य म्हणजे कृतीची कैफियत नव्हे, प्रस्तावना तर नव्हेच. निवडलेल्या निवेदनपद्धतीमागील समस्या कोणती, पूर्वसूरींनी ती कशी हाताळली आणि प्रस्तुत कृतीने तीत कोणती भर घातली, हे तेथे सिद्ध व्हावे लागते. कृती दुबळी असेल तर उत्तम भाष्यही तिला तारीत नाही. उलटपक्षी, कृती सकस असूनही भाष्याअभावी पदवी अडू शकते.

मर्ढेकरांचे उदाहरण येथे बोलके आहे. 'सौंदर्य आणि साहित्य' लिहिणारा हा कवी सिद्धान्तकारही होता. परंतु त्याची सौंदर्यमीमांसा स्वतःच्या कवितेची वकिली करण्यासाठी उभी नाही. असा प्रबंध मराठीत स्वीकारावयाचा, तर परीक्षक म्हणून समीक्षकास पाचारण करावे की कादंबरीकारास, आणि मौखिक परीक्षेत एखाद्या पात्राविषयी आक्षेप निघाल्यास उमेदवाराने कादंबरी बदलावी काय, हे आधी ठरवावे लागेल.