काजळीच्या गावात शाईची वडी

दुर्ग सोडून नागपूरकडे निघालं की रसमडा लागतं. स्पंज आयर्नचे कारखाने जवळच, त्यामुळे घरातली धूळही काळी. अशा ठिकाणी मी चिनी शाईच्या वड्या जमवतो. काजळीच्या गावात पैसे देऊन काजळी आणतो, असं बायको म्हणते.

तिचं खरंच आहे. वडी म्हणजे काजळी आणि जनावरांच्या कातड्याचा सरस. पण ही काजळी तुंग तेलाच्या दिव्याची किंवा पाइनच्या लाकडाची. आपल्या आज्या दिव्यावर वाटी उपडी धरून काजळ धरायच्या, तशीच दिव्याची काजळी धरतात. ज्योतीपासून जितकी लांब, तितकी बारीक. त्यात सरस, भीमसेनी कापूर, कधी कस्तुरी घालून गोळा कुटायचा, कोरीव लाकडी साच्यात दाबायचा आणि महिनोन् महिने सावलीत वाळवायचा. खरी करामत साचा कोरणाऱ्याची. बोटभर जागेत ड्रॅगन, डोंगर, अक्षरं, आणि सगळं उलटं! मिंग काळात आन्हुई प्रांतातल्या हुइचौमध्ये फांग यूलू आणि छंग च्युनफांग या शाईवाल्यांची इतकी चुरस होती की दोघांनीही आपापल्या नक्ष्यांचे ग्रंथ छापले. छंगच्या ग्रंथात तर मात्तेओ रिच्ची या जेझुइट पाद्र्याकडून मिळालेली बायबलमधली चित्रंही आहेत.

हे कोरीवकाम ट्यूबलाइटखाली दिसत नाही. सकाळी खिडकीशी वडी तिरपी धरा, मग रेघ उठते.

आता जपण्याचं. एका वैशाखात माझी एक वडी मधोमध तडकली. दिवसा लू, रात्री कूलरचा ओला वारा; सरस फुगतो, आकसतो आणि शेवटी फाटतो. तेव्हा कूलरच्या खोलीत वडी नको. कागदात गुंडाळून लाकडी डबीत, आतल्या भिंतीच्या कपाटात ठेवा. पावसाळ्यात सरसाला बुरशी धरते, म्हणून अधूनमधून उघडून बघा. धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झाडा. सोनेरी आणि इतर रंग वरून दिलेले असतात, ओल्या फडक्याने निघून येतात. तुटलीच, तर फेव्हिकॉल लावू नका. वडीचीच दाट शाई उगाळून तुकडे जोडता येतात.

आणि एखादी वडी उगाळायला ठेवाच. दगडावर थोडं पाणी, हलका हात. झाल्यावर पुसून ठेवा, दगडावर उभी सोडली तर चिकटून बसते. जांभळी झाक असलेली शाई चिनी जाणकार सर्वांत वरची मानतात, मग काळी, मग निळसर. भडक सोनं फासलेल्या भेटवस्तूंच्या पेट्यांतली शाई बहुधा सुमार निघते. उगाळायची वडी साधीच घ्यावी.