आधी पॅड तापव, मग वायर लाव

बंद पडलेला मॉनिटर स्वतः दुरुस्त करायचं म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं गं. तुझ्या वेस्ट विंडसरलाच, वॉशिंग्टन रोडवर, 1942 साली आरसीएची प्रयोगशाळा सुरू झाली. रंगीत टीव्हीवर तिथं मोठं काम झालं, आणि 1968 मध्ये जॉर्ज हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे पहिलेवहिले एलसीडी तिथूनच जगासमोर आले. तेव्हा योग्य गावात बसून शिकते आहेस!

पण हात बसेपर्यंत त्या मॉनिटरला हात लावू नकोस. आधी एखाद्या मेलेल्या बोर्डावरचे भाग काढ, परत बसव.

सोल्डरिंग आयर्न भारतातून मागवू नकोस. तिकडचा 25 वॅटचा आयर्न 230 व्होल्टचा. आपल्या 120 व्होल्टवर तो जेमतेम 7 वॅट देईल. इथलाच, तापमान ठरवता येणारा घे. सोल्डरची वायर 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाची घे. ती 183 अंश सेल्सिअसला वितळते. कारखान्यातले जोड बहुधा शिशाविना असतात, ते 217 अंशांच्या पुढेच सुटतात. त्यांच्यावर आपली थोडी वायर वितळव, मग लवकर सैल होतात. शिसं आहे म्हणून ओट्यावर हे काम नको, नंतर हात साबणानं धू. धूरही छातीला वाईट, खिडकी उघडी ठेव.

आता खरी गोष्ट ऐक. आयर्नचं टोक बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्याला, म्हणजे पॅडला, आणि कपॅसिटरच्या पायाला एकदमच टेकव. क्षणभर थांब. मग वायर जोडाला लाव, टोकाला नाही. सोल्डर आपोआप पसरलं की आधी वायर काढ, मग आयर्न, आणि गार होईपर्यंत काही हलवू नकोस. पॅड थंड असेल तर सोल्डर वर नुसतं गोळा होऊन बसतं, आत धरत नाही. फार वेळ तापवलंस तर पॅडच उखडतं.

फुगलेला कपॅसिटर काढण्याआधी फोटो काढ. पट्टीची बाजू ऋण असते. नवा तितक्याच मायक्रोफॅरडचा, तितक्याच किंवा जास्त व्होल्टचा, 105 अंशांचा घे. हिवाळ्यात हीटिंगमुळे हवा कोरडी होते, दाराची मूठ धरली तरी ठिणगी बसते. तशी ठिणगी चिप मारू शकते, म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांध.

एक मात्र मोठी बहीण म्हणून बजावते. अडॅप्टर बाहेर असलेलाच मॉनिटर उघड. भिंतीतली वीज थेट आत जात असेल, तर प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये 170 व्होल्टच्या आसपास दाब उरू शकतो. मायक्रोवेव्ह तर कधीच उघडायचा नाही.

जोड बिघडला तर घाबरू नकोस. फ्लक्स लाव, पुन्हा तापव, तांब्याच्या तारांच्या वेणीनं जुनं सोल्डर शोषून घे, नव्यानं लाव. ही विद्या दुसरी संधी देते, तेवढा धीर मात्र ठेव.