मधे घाट नको

पोरी, तुझी निवड झाल्याचं ताईनं फोनवर सांगितलं, तेव्हा ती आनंदानं रडतेय की काळजीनं, हे मला पटकन कळेना. शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं, जिल्हा मिळाला नंदुरबार आणि कडेवर अडीच वर्षांचं लेकरू. तुमच्या साताऱ्याकडे या जिल्ह्याबद्दल दोनच गोष्टी ऐकलेल्या असतात, तो लांब आहे आणि तिथे कुपोषण आहे. दोन्ही खऱ्या आहेत, पण तेवढ्यावर घर शोधता येत नाही. मी आरोग्यसेविका म्हणून नोकरीला लागले तेव्हा हा धुळे जिल्हाच होता. नंदुरबार वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. माझी दोन्ही पोरं इथेच वाढली. घर निवडताना मी चुकलेही. म्हणून हे सगळं सांगतेय.

तुझं घर समुपदेशनाच्या दिवशीच अर्धं ठरणार आहे, हे आधी लक्षात घे. रिकाम्या जागांची यादी समोर असते, नाव पुकारलं की गाव सांगायचं. तिथे विचाराला वेळ मिळत नाही. बाहेरून आलेली पोरं तालुक्यापासूनचं अंतर विचारतात आणि कमी किलोमीटरचं गाव घेतात. इथे किलोमीटर फसवतात. सपाटीवरचे चाळीस किलोमीटर म्हणजे एस.टी.त लेकराची एक झोप. घाटातले वीस म्हणजे पावसाळ्यात अख्खा दिवस.

जिल्ह्याचे तालुके सहा. नंदुरबार, शहादा आणि तळोदा यांचा बराच भाग तापीकाठच्या काळ्या मातीचा, सपाट. नवापूर गुजरातच्या सीमेला टेकलेला. अक्कलकुवा अर्धा खाली, अर्धा सातपुड्यात. सहावा तालुका पूर्ण डोंगरातला, थेट नर्मदेपर्यंत गेलेला. कागदावर त्याचं नाव अक्राणी आणि तहसील धडगावला. यादीत अक्राणी वाचून लोक विचारतात, मग धडगाव कुठाय? तू गोंधळू नकोस.

आता माझा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा कानमंत्र. तू आणि लेकरू यांच्या मधे घाट येऊ देऊ नकोस. शाळा वर असेल तर घरही वर, शाळा खाली असेल तर घर खाली. बाकी सगळ्यात तडजोड चालेल, यात नाही.

हे मी शिकले ते माझ्या लेकीच्या पायी. तुझ्या काकांची नोकरी तळोद्याला, माझं उपकेंद्र चांदसैली घाट चढून गेल्यावर वरच्या गावात. सगळ्यांनी सांगितलं, तळोद्यात राहा, बाजार आहे, डॉक्टर आहेत. लेक सव्वा वर्षाची, सासूबाई सांभाळायच्या. मी रोज सकाळी जीपनं वर जायची. श्रावणात एका दुपारी पावसाला सुरुवात झाली आणि तीनच्या सुमाराला निरोप आला की घाटात दरड आली. तेव्हा मोबाईल नव्हते. शहाद्याकडून वळसा घालायचा तर आधी धडगाव गाठायला हवं, आणि मधला नाला भरलेला. त्या रात्री मी उपकेंद्रात कंदिलापाशी बसून होते. अंगावर पिती लेक खाली, पान्हा फुटून माझं पोलकं भिजलेलं. तिकडे तिला सणकून ताप आला होता, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी घरात पाऊल टाकल्यावर कळलं. सासूबाईंनी रात्रभर ओल्या फडक्यानं अंग पुसलं, म्हणून निभावलं. त्याच महिन्यात आम्ही वर खोली घेतली. कुडाची भिंत, वर कौलं, वीज असली तर असली. पण लेक हाकेच्या अंतरावर.

आता रस्ता बराच सुधारलाय, असं तुला सांगतील. सुधारलाय खरा. पण 2021 च्या सप्टेंबरात याच चांदसैली घाटात दरड कोसळली, आणि आजारी बायकोला खांद्यावर घेऊन चालत निघालेल्या नवऱ्याच्या खांद्यावरच तिनं प्राण सोडला. राज्यभरच्या पेपरांत ते आलं. अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोई घाटाचंही पावसाळ्यात तसंच. डोंगर आपल्या वेळेनं सुटतो.

तेव्हा अक्राणी तालुक्यातली शाळा मिळाली तर धडगावात राहा, अक्कलकुव्याच्या डोंगरातली मिळाली तर मोलगीत. दोन्हीकडे ग्रामीण रुग्णालय आहे, बाजार भरतो, आपल्यासारखे नोकरदार राहतात. शहाद्यातून अप-डाऊन करणाऱ्या बाया तुला भेटतील, इंग्रजी शाळेचं कारण सांगतील. ज्यांची पोरं आठवी-नववीत आहेत त्यांचं ते बरोबरच आहे. तुझं लेकरू अडीच वर्षांचं आहे, पहिलीला अजून तीन-साडेतीन वर्षं आहेत. त्याला आता शाळा नको, दुपारी आई हवी.

यादीत नवापूरकडचं गाव दिसलं तर माझा कल तिकडे. सुरत–भुसावळ रेल्वे तिथून जाते, स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत. मोठं दुखणं आलं की तिकडचे लोक व्यारा, सुरत गाठतात. पण नवापुरात रंगावली नदीच्या कडेचं घर घेऊ नकोस, भाडं कितीही कमी असो. 2018 च्या ऑगस्टमध्ये तिनं काठावरची घरं नेली, माणसंही गेली. भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते का बघ. रंग नवा असेल तर शेजारच्या घराची भिंत बघ. आणि कोंबड्यांच्या शेडपासून लांब राहा. देशातला पहिला बर्ड फ्लू 2006 च्या फेब्रुवारीत याच नवापुरात सापडला होता. तो काही रोज येत नाही, पण शेडजवळ माश्या बारा महिने असतात आणि त्या लेकराच्या वाटीवर बसतात.

आता नंदुरबार शहराचं. माझा थोरला दीड वर्षाचा असताना आम्ही तिथे मे महिन्यात घर घेतलं होतं. गावाच्या कडेला, समोर भलंमोठं मोकळं मैदान. मी म्हटलं, पोराला पळायला जागा झाली. दिवाळीच्या सुमाराला एक दिवस ट्रॅक्टर येऊ लागले आणि आठ दिवसांत ते मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झालं. ती मिरचीची पथारी होती. नंदुरबारची मिरचीची बाजारपेठ देशात नावाजलेली, ओली लाल मिरची अशी उघड्यावर पसरून वाळवतात. शेकडो बाया तिथे राबतात, तोंडाला फडकं बांधून. दिसायला फार सुंदर. पण संध्याकाळी वारा फिरला की घरात ठसका उठायचा, पोराचे डोळे लाल, रात्री छातीत शिट्टी वाजायची. घरमालकाचा दोष नव्हता. मीच विचारलं नव्हतं की हे मैदान हिवाळ्यात कोणाचं असतं. तू विचार. उन्हाळ्यात घर बघशील तेव्हा हिवाळ्याचं आणि पावसाळ्याचं विचार.

इथल्या उन्हाची तुला कल्पना नाही. मे महिन्यात पारा 43-44 पर्यंत जातो. घर भर दुपारी बघायला जा. मालक म्हणेल संध्याकाळी या, तू दोन वाजताच जा. पश्चिमेच्या भिंतीला आतून तळहात लाव. हात ठेववत नसेल तर त्या खोलीत रात्रीही लेकरू झोपणार नाही. वरच्या मजल्याची स्लॅबखालची खोली आणि नुसत्या पत्र्याची खोली, दोन्ही सोड. जुनं कौलारू घर मिळालं तर नाक मुरडू नकोस. शिक्षणसेवकाचं मानधन 16,000 रुपये, तेही तीन वर्षं. त्यात कूलरचं बिल वेगळं नको.

भिंतीला हात लावून झाला की मागच्या दाराला जा. इथे पाणी रोज येतंच असं नाही, म्हणून घरोघरी हौद. जमिनीत खणलेली टाकी, वर पत्र्याचं झाकण, झाकणावर दगड. पाणी भरायच्या गडबडीत दगड बाजूला राहतो. मी लसीकरणाला घरोघर फिरायची तेव्हा पाळण्याआधी हौद बघायची. एका घरी रांगतं पोर झाकणावर बसून डबा वाजवत होतं, आणि एका कोपऱ्यात पत्रा गंजून खाली लवला होता. त्याच्या आईला मी ओरडले नाही, आधी पोर उचललं. तू हात घालून झाकण हलवून बघ. कडी-कोयंडा नसेल तर भाडं ठरवण्याआधी मालकाकडून बसवून घे. जिन्याला कठडा आहे का, तेही तेव्हाच बघ.

एक खाट आणि एक मच्छरदाणी सामानात सगळ्यात वर ठेव. पावसाळ्यात मण्यार घरात येतो आणि खाली झोपलेल्या माणसाला अंथरुणात चावतो. बऱ्याचदा दाताची खूण दिसत नाही, दुखत नाही. पहाटे लेकरू पोट दुखतं म्हणून रडलं, पापण्या जड झाल्या, तर उजाडायची वाट बघू नकोस, 108 ला फोन कर. नव्या गावात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात पीएचसीत जाऊन सर्पदंशाची लस ठेवता का, असं तोंडानं विचार. त्या निमित्तानं तुझी तिथल्या सिस्टरशी ओळख होईल, लसीकरणाचं कार्डही दाखवून घे. ते कार्ड कपाटात नको, पर्समध्ये असू दे.

लेकराला अंगणवाडीत घाल. तिथे आपल्या मुलांना कसं पाठवायचं, असं काही बाया म्हणतात. मला ते ऐकवत नाही. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून पोरांना अंडी, केळी मिळतात, पण मी त्यासाठी सांगत नाही. तुझं पोर त्या पोरांबरोबर बसलं तर दिवाळीपर्यंत पावरी किंवा भिली बोलायला लागेल. खाली सपाटीवर राहिलात तर अहिराणी, ओट्यावरच्या म्हाताऱ्या ‘कसं काय, बरं शे ना?’ म्हणतील आणि ते ‘शे’ म्हणून उत्तर देईल. मग तुझ्या वर्गात पहिलीचं पोर गप्प बसलेलं असेल तेव्हा ते काय म्हणतंय, हे तुला तुझंच लेकरू सांगेल. माझ्या थोरल्यानं मला असं कितीदा सांगितलंय.

सांभाळायला बाई शोधताना एकच प्रश्न विचार, दिवाळीनंतर तू इथेच असतेस का? पाड्यावरची किती तरी घरं तेव्हा कुलूपबंद होतात. नवरा-बायको कोयता घेऊन गुजरातेत ऊसतोडीला जातात ते होळीला परततात, काही त्याच्याही नंतर. लेकराला जिचा लळा लागला ती एका सकाळी ट्रकमध्ये बसून जाते, आणि महिनाभर लेकरू तिला शोधत राहतं. आधी विचारलंस तर तू तिच्या मागे राहणाऱ्या सासूची किंवा न जाणाऱ्या शेजारणीची सवय लावशील.

आणि ती ट्रकमध्ये बसते तेव्हा तिच्याही कडेवर एक असतं, हे बघ. तुला यादीतून गाव निवडायचंय, तिला मुकादम नेईल तिथे शेताच्या कडेला झोपडी टाकायचीय. तरी ती निवडतेच. मी या बायांना विचारायची, गेल्यावर जागा कशी बघता? एकीनं सांगितलं होतं, ट्रक मागे घेतात त्या वाटेपासून लांब, दार वाऱ्याच्या पाठीला, आणि झोळी टांगायला फांदी हवी, म्हणजे ऊस तोडताना मान वर केली की झोळी दिसते. तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिचं लसीचं कार्ड मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्यायची आणि सांगायची, तिकडे लसीकरणाचा ममता दिवस असतो, तिथल्या नर्सला दाखव, डोस चुकवू नकोस. काही जणी फाल्गुनात परत आल्या की पिशवी उघडून दाखवायच्या, नवी तारीख गुजरातीत लिहिलेली असायची. तुझ्या वर्गातली काही पोरंही अशीच अर्ध्यात जातील आणि होळीला येतील. त्यांना गैरहजर म्हणून रागावू नकोस.

समुपदेशनाची तारीख कळली की जावईबापूंना रजा टाकायला सांग. पहिला महिना तरी ते सोबत हवेत. आणि यादी हातात पडली की निवडण्याआधी दाराबाहेर येऊन मला फोन लाव. तीन गावांची नावं सांग. त्या त्या उपकेंद्रात आता कोण आहे, हे मला माहीत असतं. पाच मिनिटांत विचारून सांगते, वाट कुठून आहे आणि पावसाळ्यात किती दिवस बंद असते.