मोठ्या टेबलावर पूलचा सराव

प्रश्न : लातूरचा मित्र म्हणतो, स्नूकरच्या बारा फुटी टेबलावर खेळलं की पूल आपोआप सुधारतो. माझे तर बॉलच पॉकेटमध्ये जात नाहीत. काय चुकतंय?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : घाबरू नका. तिथल्या पॉकेटच्या कडा गोलाकार असतात, त्यामुळे पूलमध्ये खपणारा शॉट तिथे परत येतो. नेम त्याने सुधारतो; ब्रेक आणि पोझिशन मात्र पूलच्या टेबलावरच शिकावं लागतं. लाल बॉल कोपऱ्याच्या पॉकेटसमोर सरळ रेषेत ठेवून पांढरा जागीच थांबवून पाहा. तो बाजूला सरकला, तर लालवर टक्कर मध्यावर बसली नाही. बॉल मात्र स्नूकरचेच, ५२.५ मिलिमीटरचे घ्या. पूलचे ५७ चे तिथे अडकतात. स्पर्धेआधीचे काही दिवस पूलच्याच टेबलावर खेळा.