दुबईला जाण्याआधी रस्ता शिकून घे

दुबईला जाऊलालास म्हणे, ड्रायव्हरच्या व्हिसावर. चांगलं झालं. कपडे, लोणचं, चटणी घरचे बांधून देतील. रस्त्याचं तेवढं माझ्याकडून ऐकून जा.

गाडी हातात यायच्या आधी तुला पायी फिरावं लागणार. तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडं बघायचं. लातूरच्या गंजगोलाईला वळसा घालताना गोलाई तुझ्या उजव्या हाताला असते. दुबईत गोल चौक डाव्या हाताला राहील, आणि आत फिरणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. आपल्याकडं जो घुसेल त्याचा रस्ता. ती सवय इथंच सोड.

वाटेल तिथून रस्ता ओलांडलास की 400 दिरहॅम गेले. एक दिरहॅम म्हणजे वीस-पंचवीस रुपये, हिशोब तूच कर. त्यातून अपघात झाला तर 29 मार्च 2025 पासून लागू झालेल्या कायद्यानं तुरुंगही आहे.

खिशात नांदेडच्या आरटीओचा परवाना आहे म्हणून स्टिअरिंगला हात लावू नकोस. आंतरराष्ट्रीय परवाना पाहुण्यांपुरता. रहिवासी व्हिसा लागला की तिथला परवाना काढावा लागतो. त्याची शिकवणी आणि परीक्षा महाग असते, म्हणून तो खर्च कोण भरणार ते करारात लिहून घे. मालक म्हणाला, ‘जरा गाडी बाजूला लाव’, तरी परवाना नसताना नाही म्हणायचं. पकडला जाशील तू, मालक नाही.

मग पॉइंटचा मामला. सिग्नल तोडला की 1,000 दिरहॅम आणि 12 काळे पॉइंट. 24 झाले की परवाना जप्त. म्हणजे दोनदा तोडला की रोजी गेली. चालवताना फोन हातात घेतला तर 800 दिरहॅम आणि 4 पॉइंट. उगाच हॉर्न वाजवला तरी 400 आणि 4. आपल्या नांदेडच्या वजिराबादेत हॉर्नशिवाय गाडी हलत नाही, त्यामुळं हे तुला सगळ्यात जड जाईल. दारू पिऊन चालवलीस तर 20 हजार ते 1 लाख दिरहॅम दंड, कैद किंवा दोन्ही. ‘थोडीच घेतली होती’ हे तिथं कुणी ऐकत नाही.

‘साहेब, बघा की जरा’ असंही चालत नाही. दंड कॅमेरा करतो, मेसेज मोबाइलवर येतो. पोलिसाला नोट दाखवलीस तर लाचेचा गुन्हा वेगळा लागतो, आणि तो मूळ गुन्ह्यापेक्षा भारी.

अपघात झाला तर पळू नकोस. 999 लाव आणि तिथंच थांब. माणूस दगावला आणि चूक तुझी ठरली, तर दियत म्हणजे रक्तमोबदला 2 लाख दिरहॅम. विमा असतो, पण तू दारू प्यायलेला किंवा बिनपरवान्याचा निघालास तर विमा कंपनी ती रक्कम तुझ्याकडून वसूल करू शकते. न वाचता येणाऱ्या कागदावर सही करू नकोस, दुभाषा माग.

कुवेतला गेलेल्या मित्राचे आकडे दुबईला लावू नकोस. कुवेतमध्ये एप्रिल 2025 पासून सिग्नल तोडला की 150 दिनार, आणि एक दिनार अडीचशे रुपयांहून जास्त. कतारमध्ये दंड थकला तर देशाबाहेर सोडत नाहीत.

आणि एजंटाचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासूनच पैसे दे. त्याला फी म्हणून 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. जास्त मागितले तर उठून ये.