होडीचं इंजिन बदलताना पैसा कुठे जातो

1 जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागली की होड्या वर ओढल्या जातात आणि इंजिन बदलायची कामं निघतात. आपण इंजिनापुरत्या पैशांची जुळवाजुळव करतो. मग बेड, कपलिंग, शाफ्ट, पंखा असा एकेक खर्च समोर येतो. माझा सल्ला असा, की इंजिनाच्या किमतीच्या चौथाई रक्कम बसवणीसाठी आधीच बाजूला काढा.

बचत करायची तर ती बिलात करा. मासेमारी नौकेच्या सागरी इंजिनाला 5 टक्के जीएसटी लागतो, हे ऑगस्ट 2018 च्या सरकारी परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. समजा इंजिन 2 लाखांचं आहे. 5 टक्क्यांनी कर 10,000 होतो. दुकानदाराने 18 टक्के लावले तर 36,000. इंजिन मासेमारी नौकेसाठीच आहे हे दाखवायला नौकेच्या नोंदणीची प्रत बरोबर न्या.

सौदा करण्याआधी टेप घेऊन होडीत उतरा. इंजिनाच्या पायांमधलं अंतर आणि पायांपासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मोजा. ही मापं जुळली नाहीत तर बेड कापावा किंवा उचलावा लागतो. लाकडी बेड असेल तर जुन्या बोल्टांभोवती टोचा मारून बघा. टोचा आत रुतला तर तेवढं लाकूड बदलायलाच हवं. गिअरबॉक्सचं प्रमाणही विचारा. 2000 फेऱ्यांचं इंजिन 2:1 ला शाफ्ट 1000 फेऱ्यांनी फिरवतं, 3:1 ला साधारण 667. म्हणजे जुना पंखा चालेलच असं नाही. भरल्या होडीत पूर्ण रेस देऊनही इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर जात नसेल आणि काळा धूर टाकत असेल, तर पंखा जड झालाय.

सगळ्यात नाजूक काम अलाइनमेंटचं. दोन्ही कपलिंगमधली फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिलर गेजने मोजतात. सहा इंची कपलिंगला या फटींत सहा थाउपेक्षा (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त फरक नको. मग शाफ्टकडचं कपलिंग पाव फेरा फिरवून पुन्हा मोजायचं. मोठी फट जागेवरच राहिली तर इंजिन सरकवायचं. ती कपलिंगबरोबर फिरली तर शाफ्ट वाकलाय किंवा कपलिंगचा चेहरा तिरका आहे. आमच्या होडीचं हे काम फिटरने काठावरच उरकलं. पाण्यात उतरल्यावर बूड थोडं बसलं, अलाइनमेंट बिघडलं आणि पंधरा दिवसांत शाफ्टच्या ग्लँडमधून पाण्याची धार लागली. पॅकिंग बदललं, कपलिंगचे बोल्ट बदलले, आणि ऐन हंगामातल्या फेऱ्या बुडाल्या त्या वेगळ्याच.



होडी पाण्यात उतरवून दोन दिवस तरंगू द्या, मग फिटरला परत बोलवून फट मोजून घ्या. मजुरीचा शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या, आणि हे काम ठरवतानाच त्याला सांगा.